चौथी चौकट

१

साइट लाइव्ह करायचा दिवस उजाडला की छोटीच्या अंगात यायचं. सकाळपासून पायाला भिंगरी. केस विंचरलेले नाहीत, चहा टेबलावर गार होतोय, एक मोजा पायात आणि दुसऱ्याचा पत्ता नाही, पण तोंडाचा पट्टा मात्र चालू. ऐकायला कोणी असो नसो. छोटी म्हणायचं ते आपलं सवयीनं. बाई तिशी ओलांडून गेली होती, पण शेंडेफळ ते शेंडेफळच. घरात तिला दुसरी हाक कोणी मारतच नसे.

ती लोकांच्या वेबसाइट बनवायची. नोकरी म्हणून नाही, एकटीनं, घरच्या हॉलमध्ये खिडकीशी लावलेल्या टेबलावर बसून. आजवर केक करणाऱ्या बाई, गाडी शिकवणारे काका, लोकांची कुत्री सांभाळणारी एक मुलगी, अशी किरकोळ गिऱ्हाइकं झाली होती. या खेपेला मात्र घबाड हाती लागलं होतं. शहरातलं नावाजलेलं फिजिओथेरपीचं सेंटर! पेशंटनं घरबसल्या साइट उघडायची, फोटो बघून आपला थेरपिस्ट निवडायचा, वेळ ठरवायची, आणि ठरल्या वेळी जाऊन हजर व्हायचं. हे एक काम नीट पार पडलं की आपण कोण हे जगाला कळेल, असं ती आईला दिवसातून चारदा तरी ऐकवत होती.

आता या धंद्यात एक रीत असते. गिऱ्हाईक खरी माहिती द्यायला वेळ लावतं आणि पान तर रिकामं ठेवता येत नाही. मग तोवर खोटा मजकूर, खोटे फोटो, खोटी माणसं भरून ठेवायची. त्याला डमी म्हणतात. खरं आलं की डमी काढून टाकायचं, एवढं भान ठेवलं म्हणजे झालं. सेंटरच्या 'आमची टीम' या पानावर छोटीनं चार चौकटी आखल्या होत्या आणि थेरपिस्ट होते तीन. चौथी चौकट पडलेल्या दातासारखी भकास दिसायची. छोटीनं तिथं आपल्या सख्ख्या मोठ्या भावाचा फोटो डकवून दिला. पांढऱ्या टी-शर्टातला, छान मनमोकळा हसणारा. नावाच्या जागी लिहिलं 'दादा', आणि ईमेलच्या जागी टाकला स्वतःचाच.

दुपारी साइट लाइव्ह झाली. छोटीनं आईला धरून हॉलभर गरागरा फिरवलं. आई गुडघा, गुडघा म्हणून ओरडत होती आणि हसतही होती. मग छोटी पॅसेजच्या टोकाला धावली, तिथल्या बंद दारावर थाप मारली आणि झाली रे लाइव्ह, म्हणून आत ओरडली. आतून नेहमीसारखं नुसतं 'हं' आलं.

आणि या सगळ्या धांदलीत चौथी चौकट काढायची राहून गेली.

२

त्या बंद दाराचं सांगायला हवं. आत दादा असायचा. दादा खरोखरीचा फिजिओथेरपिस्ट, आणि असा तसा नाही. मान धरलेली, पाठ गेलेली, चालायचं विसरलेली माणसं त्याच्या हाताखालून जायची आणि हसत बाहेर पडायची. मग एके दिवशी स्कूटरवरून पडला आणि उजवा हात मोडला. हाड जुळलं, डॉक्टरांनी हात बरा झाल्याचंही सांगितलं, पण दादाच्या मते त्या हातातला जीव गेला होता. ज्या हातांवर पोट, तेच हात गेले म्हटल्यावर माणूस मनातून खचला. काम सोडलं, मित्र सोडले, आणि त्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. आई ताट दाराशी ठेवायची. हॉलमध्ये कोणी नसलं की तो बाथरूमला येऊन जायचा. त्याचा खोकला आणि त्याच्या लोखंडी खाटेची कुरकुर, एवढाच काय तो त्याचा घरात वावर.

आई आणि छोटी, दोघींचा जीव त्या दारात अडकलेला होता. देवा, बाकी काही नको, याला एकदा त्या खोलीबाहेर काढ, एवढंच दोघी मागत होत्या.

लाइव्ह झाल्यावर पुढच्या आठवड्यात छोटीच्या ईमेलवर एक निरोप येऊन पडला. साइटनं आपोआप पाठवलेला. एका पेशंटनं दादा यांच्याकडे वेळ घेतली आहे, म्हणे. चौथी चौकट! जिवंत माणसं पैसे मोजून, पाठ धरून सेंटरला जाणार आणि तिथं विचारणार, दादा कुठायत? तिच्या धंद्यात ही चूक न केलेला माणूस सापडायचा नाही, पण म्हणून काय झालं? पहिलं मोठं काम आणि पहिल्याच घासाला खडा. ती उठून सेंटरला फोन लावणार, तेवढ्यात दुसरा निरोप आला. मग तिसरा.

सेंटरच्या मॅडम बोलायला फटकळ होत्या. छोटी आधी पाणी प्यायली, मग फोन केला, आणि एका दमात सगळं कबूल करून टाकलं. चौथा माणूस खोटा आहे, चूक माझी आहे, आत्ता पाच मिनिटांत काढून टाकते, पेशंटना मी स्वतः फोन करते.

मॅडम चक्रावल्याच.

"अहो ताई, दादांना कुठं काढताय?" त्या म्हणाल्या. "आत्ता तर बिचारे डबा खायला बसलेत. सकाळपासून मान वर करायला फुरसत नाही त्यांना."

३

छोटीनं फोन ठेवला. मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती उभीच राहिली. दादा जातोय! गुपचूप, आपल्याला न सांगता, दादा कामावर जायला लागलाय!

आणि का नाही जाणार? ती हॉलमध्ये बसायची ती पॅसेजकडे पाठ करून, कानांत गाणी लावून. मागून हत्ती गेला असता तरी तिला कळलं नसतं. आई सकाळी भाजीला जायची, दुपारी आडवी व्हायची. साइटवर आपला फोटो बघितला असेल, मनात काहीतरी हललं असेल, आणि गेला असेल उठून. मॅडमना वाटलं असेल, या वेबवाल्या ताईंनीच माणूस पाठवला. सगळं कसं चपखल बसत होतं.

तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि कानात सांगितलं. आईनं आधी तिला वेड्यात काढलं, मग हातातलं पातेलं खाली ठेवलं, मग पदर डोळ्यांना लावला. दोघींनी ठरवलं, त्याला काही म्हणजे काही विचारायचं नाही. लाजाळूचं झाड आहे ते, बोट लागलं की मिटायचं. त्याचा तो सांगेल. तेव्हापासून घरात लगीनघाई असल्यासारखं वातावरण झालं. दोघी एकमेकींना डोळे मिचकावायच्या, पॅसेजमधून जाताना उगीच मोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. आई ताटात त्याच्या आवडीचं वाढायची आणि स्वतःशीच गुणगुणायची. ताट जसंच्या तसं परत यायचं, पण बाहेर डबा खाऊन येत असेल, त्यात काय मोठंसं.

एकच गोष्ट होती. चपलांच्या रॅकमध्ये दादाचे बूट होते आणि त्यांच्यावर धुळीचा थर होता. छोटीनं बोट फिरवून बघितलं. बोटाची रेघ स्पष्ट उमटली. नवे घेतले असतील, असं म्हणून तिनं बोट पुसलं.

४

नवे बूट घरात कुठंच सापडले नाहीत.

छोटी काही भोळीभाबडी नव्हती. कोड चालत नसेल तर एकेक ओळ तपासायची, हा तिच्या हाडीमाशी खिळलेला स्वभाव. मग दादाच्या बाबतीत का नाही? सकाळी तिनं टेबल फिरवलं. तोंड पॅसेजकडे, पाठ खिडकीकडे, कान मोकळे. दादाच्या नावावर सकाळी ओळीनं पेशंट लागलेले होते, ते तिला तिच्याच ईमेलवर दिसत होतं. म्हणजे आता तो दार उघडणार, आपल्याला बघून गडबडणार, आणि आपण म्हणणार, पकडला! नुसत्या कल्पनेनं तिला हसू फुटत होतं.

दार उघडलं नाही. पहिल्या पेशंटची वेळ झाली, टळून गेली. आत खोकल्याचा आवाज आला.

छोटीनं मॅडमना फोन लावला. साइटवर टाकायला सेंटरचा छोटासा व्हिडिओ हवाय, आत्ताच्या आत्ता जरा फिरून दाखवता का, अशी थाप मारली. मॅडम हौशी. व्हिडिओ कॉल लावून त्या फोन पुढं धरून निघाल्या. स्वागताचं टेबल, आरसे, रबराचे मोठे चेंडू, निळे पडदे. त्या प्रत्येक थेरपिस्टला नमस्कार करायला लावत होत्या. मग त्या शेवटच्या पडद्याशी आल्या आणि म्हणाल्या, हे आपले दादा.

पडदा अर्धाच सरकला. पांढऱ्या टी-शर्टातली एक पाठ, टेबलावर आडव्या पडलेल्या आजोबांच्या खांद्यावर वाकलेली. उजवा हात खांद्याच्या पात्याखाली रुतवून तो असा काही दाबत होता, की आजोबा आईगं म्हणता म्हणता बरं वाटतंय म्हणाले. ती पाठ छोटीच्या ओळखीची होती. लहानपणी त्या पाठीवर बसून ती घरभर फिरली होती. मान किंचित डावीकडे कललेली, कानामागचे केस उभे राहिलेले. तो वळला नाही. कामात गढलेल्या माणसानं करावं तसं, मागं न बघता, त्यानं डावा हात वर करून हलवला.

त्याच क्षणाला पॅसेजच्या टोकाला दादा खोकला.

छोटीचे हातपाय गार पडले. पण खोटं कशाला सांगा, त्या गारठ्याच्या खालून आनंदाची उकळीच फुटत होती. चालतोय! दादाचा हात चालतोय! कोणाचा दादा, कुठला दादा, हा प्रश्न तिला लगेच पडायला हवा होता. तो पडला, पण जरा उशिरानं.

५

ती दार ढकलून आत गेली. असं ती फार दिवसांनी करत होती.

खोली नीटनेटकी होती, नको तेवढी. पडदा ओढलेला, खुर्चीवर घडी केलेले कपडे, पाण्याचा भरलेला ग्लास. दादा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. तिला बघून तो पुढं सरकला, आणि खाट वाजली नाही. ती मेली लोखंडी खाट, जिच्यावर मांजर चढलं तरी अख्ख्या घराला कळायचं.

छोटीनं सहज विचारावं तसं विचारलं, बरा आहेस ना? तर म्हणाला, फारच बरा आहे. हात दुखत नाही हल्ली. खरं म्हणजे काहीच दुखत नाही, भूक नाही, झोप नाही. त्याचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. सेंटरला जातोस का, हे तिनं शेवटी विचारलंच. कुठलं सेंटर, म्हणाला. आणि मग आपला उजवा हात तोंडासमोर धरून बघत बसला.

"मघाशी एका म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावल्यासारखं वाटलं," दादा म्हणाला. "छान वाटलं गं. पण ते मला इथं बसून का वाटतंय? तू काही केलंस का, छोटे?"

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टी-शर्ट होता, खांदाही होता, पण दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याला हात लावल्यासारखा. तिनं हात चटकन मागं घेतला आणि धावत टेबलाशी आली.

आता कसला विचार करायचा? चूक तिची, निस्तरायचीही तिनंच. डमी काढून टाकायचा. एक साधी ओळ, एक साधं बटण, रोज शंभरदा केलेलं काम. तिनं 'दादा'वर क्लिक केलं. ही नोंद कायमची काढायची का, असं स्क्रीननं विचारलं. हो आणि नको, अशी दोन बटणं. तिनं बाण 'हो'वर नेला आणि तिथं तिच्या बोटानं दगा दिला. हे दाबलं तर जाणार कोण? तिथला हसणारा, की इथला, जो आधीच अर्धा गेलाय? तिथला जाईल आणि इथला पुन्हा भरून येईल, हे कोणी सांगितलं होतं? कशावरून दोघंही जाणार नाहीत? असल्या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवरच्या कुठल्या मंचावर शोधायचं असतं?

फोन वाजला. आई होती. सकाळी भाजीला म्हणून गेलेली आई.

ती रडत होती की हसत होती ते आधी कळेचना. तिला राहवलं नव्हतं. गुडघ्याचं निमित्त करून ती थेट सेंटरला गेली होती. लेकाला डोळे भरून बघितलं, गुडघा त्याच्या हातात दिला, आणि काय सांगू तुला, म्हणाली, उजव्या हातानं गं, उजव्या हातानं! हसतोय, पेशंटची टिंगल करतोय, अगदी पहिल्यासारखा. मी म्हटलं, पुरे आता ही लपाछपी.

"मी त्याला घेऊन येतेय घरी," आई म्हणाली. "संध्याकाळी काम उरकलं की आम्ही दोघं मिळूनच येतो. तू भात लाव."

आईचा असा आवाज छोटीनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिनं 'नको'वर क्लिक केलं आणि भात लावायला उठली.

६

संध्याकाळपर्यंत तिनं हॉल आवरला, टेबलावर धुतलेला कपडा घातला, केस विंचरले. स्वतःला समजावायला कारणं काय थोडी असतात? आईला भास झाला असेल. सेंटरवाला दुसराच कोणी असेल, दादासारखा दिसणारा, जगात एकासारखी एक माणसं असतातच की. तो दारात आला की आपल्यालाच हसू येईल. असं ती मनाशी म्हणत होती आणि तरी तिचं काळीज धडधडत होतं, आणि त्यात भीती किती आणि आनंद किती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पॅसेजच्या टोकाला दुपारपासून आवाज नव्हता.

लिफ्ट वर आली. आई काहीतरी बोलत होती, आणि तिच्या बोलण्यावर एक पुरुष खळखळून हसला. ते हसू! ते ऐकायला दोघी मायलेकी आसुसल्या होत्या. छोटी दाराकडे झेपावलीच.

"छोटे."

ही हाक मागून आली होती. ती वळली आणि पॅसेजमधून दादाच्या खोलीशी गेली. आत अंधारलं होतं. खाटेवर चादर दिसत होती, भिंतीशी काहीतरी फिकट होतं, आणि ते तिच्याकडे बघत होतं.

"आला वाटतं," दादा म्हणाला. "दार लावून घे. आईला दोघं दिसायला नकोत."

तिनं नाही म्हणायला हवं होतं. आत जाऊन त्याला धरायला हवं होतं, तो मुठीत मावेल एवढा उरला असता तरी. लहानपणी अंधाराला घाबरायची तेव्हा हाच दादा तिच्या उशाशी बसून राहायचा. हे सगळं तिला आठवलं. आणि आठवत असतानाच तिनं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

बेल वाजली. आले, आले, म्हणत ती धावली.

दारात आई होती आणि आईच्या मागं दादा. आईची पर्स खांद्याला लावून, पांढऱ्या टी-शर्टात, मनमोकळा हसत. त्यानं छोटी म्हणून हाक मारली आणि तिचे विंचरलेले केस विस्कटून टाकले. हात जड होता, उबदार होता, खरा होता. छोटीला रडू कोसळलं. आईही रडत होती. दादा मात्र हॉलच्या मधोमध उभा राहून चारी भिंतींकडे नवलानं बघत होता, पाहुणा बघतो तसा.

"छान आहे घर," तो म्हणाला. "माझी खोली कुठली?"

आई हसली. पुरे झाली नाटकं, हात धुऊन घे, असं दटावून ती ताटं घ्यायला आत गेली. छोटीला मात्र हसू आलं नाही. तिनं बोट दाखवलं. दादा पॅसेजमधून गेला. खोलीला बाहेरून कडी का, हे त्यानं विचारलं नाही. उजव्या हातानं ती काढली, आत गेला आणि दार लोटून घेतलं.

छोटी पॅसेजच्या तोंडाशी उभी राहिली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग हलक्या आवाजातलं बोलणं आलं, एकानं विचारावं आणि दुसऱ्यानं सांगावं तसं, पण दोन्ही आवाज एकच होते. शब्द कळत नव्हते. कोणीतरी फार दमल्यासारखा श्वास सोडला. मग बोलणं थांबलं आणि दिवा लागला. दाराखाली उजेडाची पट्टी आली आणि त्या पट्टीत दोन पावलांची सावली पडली. दोनच.

स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, जेवायला चला रे. आईची हाक अशी, की अख्खं घर उजळून निघावं.

"आलो," आतून उत्तर आलं.

दादाचाच आवाज. कुठल्या दादाचा, हे त्या एका शब्दावरून कोणालाच सांगता आलं नसतं. दाराची मूठ फिरली. छोटीनं भिंतीला धरलं. जन्मापासून ओळखीचा, उशाशी बसणारा तो तिचा सख्खा भाऊ आत होता, आणि तिनं डोळे घट्ट मिटून, मनापासून, मागितलं: हसणाराच बाहेर येऊ दे.